छोटा पेच

केम्पाइनेन आजोबा येतात बर्फ मऊ झाल्यावर,
कुह्मोच्या रस्त्यांवर चिखल दिसू लागला की.
जुन्या रगात गुंडाळलेली बंदूक टेबलावर ठेवतात,
टोपी काढत नाहीत.
"सेईया, हिची मान पुन्हा हलतेय."

मान म्हणजे दुर्बिणीची बैठक.
डाव्या कुशीला पोलादी पट्टी,
तिला आवळून धरणारे दोन थोरले पेच,
आणि प्रत्येक थोरल्याच्या डोक्याला बिलगून
मसुरीच्या दाण्याएवढा एक धाकटा.
धाकट्याला एकच काम :
थोरल्याला फिरू द्यायचं नाही.

हिच्यात मागचा धाकटा नव्हता.
नुसतं भोक,
तेलाने आणि काळोखाने भरलेलं.

अकरा गोळ्या सरळ जायच्या.
बाराव्या धक्क्याला थोरला केसभर मागे सरायचा
आणि शंभर मीटरवर त्या केसाचा तळहात व्हायचा.

मी काय काय केलं नाही.
आटे स्पिरिटने धुतले,
पट्टीच्या पाठीला मेणबत्तीची काजळी लावून पाहिलं
लोखंड लोखंडाला कुठे टेकतं, कुठे नुसतं टेकल्यासारखं करतं.
उंचवटे घासले. एका वर्षी निळा गोंद.
दुसरा धाकटा करून देते म्हटलं, लेथ आहे माझ्याकडे,
तर म्हणाले, नको. मूळचाच हवा.
मूळचा कुठे आहे?
खांदे उडवले.

शेवटी नातीची लाल नेलपॉलिश मागून आणली
आणि पेचाच्या डोक्यावरून पट्टीवर
एक बारीक रेघ ओढून दिली.
रेघ तुटली की समजायचं, सरकला.

बंदूक त्यांच्या वडिलांची.
जंगलातून ती घरी कशी आली, ते कोणी विचारलं नाही.
वडील पुढे चाळीस वर्षं लाकूडतोड करत होते,
एल्कच्या शिकारीला मात्र
शेजाऱ्याची बंदूक मागून न्यायचे.
ही भिंतीवर. तेल पाजलेली.

गेल्या मार्चमध्ये आजोबा आले
आणि पहिल्यांदाच टोपी काढली.
बहीण आयली गेली होती जानेवारीत,
तिच्या घरातून आईचा बटणांचा डबा आला होता.
कोटाची बटणं, हाडाची बटणं, एक तुटका हूक,
आणि तळाशी वर्तमानपत्राची घट्ट पुडी.
पुडीवर वडिलांचं अक्षर :
सप्टेंबर, चव्वेचाळीस.
बाकी काही नाही.

मी पुडी उलगडली.
मसुरीचा दाणा.
खाचेवर एक ओरखडा नाही.
निसटलेल्या पेचाची खाच अशी नसते.
हा कोणीतरी नीट बसणाऱ्या पेचकसाने,
घाई न करता काढला होता.

आम्ही दोघांनी कॉफी घेतली.
बाहेर छपरावरून बर्फाची एक लादी घसरली,
मग दुसरी.
लढाई संपलेल्या त्या महिन्यात
एक माणूस बंदुकीशी बसतो, तिला मोडत नाही,
नदीतही टाकत नाही,
फक्त तिच्यातली खात्री काढून
बायकोच्या बटणांत ठेवतो.
हे मी बोलले नाही. तेही बोलले नाहीत.

"बसव," म्हणाले.

पहिला आटा असा लागला
जसा कालच सुटला होता.
शेवटच्या पाव फेऱ्याला मी थांबले, त्यांच्याकडे पाहिलं,
आणि आवळला.
वरून लाल रेघ.

एप्रिलमध्ये निशाणाचा कागद दाखवायला आले.
वीस भोकं, सगळी कपाच्या बशीत मावतील एवढी.
मी शाबास म्हटलं.
ते कागदाकडे असे पाहत राहिले,
जसं दुसऱ्या कुणाचं अक्षर वाचावं,
ओळखीच्या कुणाचं.

यंदा पुन्हा आले. बर्फ मऊ झालं होतं.
रग उलगडला.
"मान हलतेय."

लाल रेघ तुटलेली.
मागचं भोक रिकामं,
कडेला ओरखडा नाही.

मी काही विचारलं नाही.
थोरले दोन आवळले, काजळी पुसली, नवी रेघ ओढली.
आठ युरो झाले.
त्यांनी दहा दिले
आणि दोन परत घ्यायला हात पुढे केला, नेहमीसारखा.