दरडोई पाच तास

सात वर्षं, असं आतून कुणीतरी ओरडलं
आणि कोर्ट नाक्यावरची गर्दी क्षणभर
पासबुक छापायला दिल्यासारखी गप्प झाली.
मग टाळ्या. मग भालेकरांनी पिशवीतून
पेढ्यांचा खोका काढला. आधीच आणला होता,
निकाल उलटा लागला तर नासायला नकोत म्हणून
अर्धाच किलो.

तिघांना शिक्षा: दोन संचालक आणि तो हिशेबनीस
ज्याचं अक्षर इतकं देखणं
की पावतीला फ्रेम करावीशी वाटे.
व्हॅन मागच्या फाटकातून निघाली.
ओतूरकर सिस्टर, कळव्याच्या इस्पितळातून निवृत्त,
चपला हातात घेऊन तिच्यामागे धावल्या.
मारायला, की नीट पळता यावं म्हणून,
ते कळलं नाही.

घणसोलीचे यशवंत घरत,
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचे सगळे पैसे
तळोज्याच्या फेज टूमध्ये घातलेले, जिथे आजही
एक कमान आहे आणि कमानीमागे गवत,
ते म्हणाले,
'बग, तलोज्यान ताबा आमचे आदी त्यांनाच भेटला.'
बंदोबस्ताचा पोलीससुद्धा हसला.
हसून झाल्यावर घरत पायरीवर बसले
आणि बराच वेळ बसूनच राहिले.

हायकोर्टात जामीन होईल, लिहून ठेवा.
तीन वर्षं आत काढलीत, ती वजा.
एक म्हातारे प्रत्येकाला विचारत होते, मुद्दल कधी?
जणू आम्ही सगळेच काउंटरच्या पलीकडे.

सिस्टरांचा भाचा, सीएच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसलेला,
मोबाइलवर आकडे मारत होता.
सात वर्षं म्हणजे एकसष्ट हजार तीनशे वीस तास,
लीप वर्ष धरलं नाही.
ठेवीदार बारा हजार दोनशे चौसष्ट.
दरडोई पाच तास.
बरोबर पाच, बाकी शून्य.
या कंपनीचा हिशेब पहिल्यांदाच जुळला.

मग वाटणीच सुरू झाली.
माझे पाच मे महिन्यातल्या दुपारी द्या, पंखा बंद.
माझे रात्री, डासांत.
माझे त्याला रांगेत उभं करून, हातात पॅनकार्डाची झेरॉक्स,
आणि खिडकी आली की जेवणाची सुट्टी.
जांभळ्या छत्रीची एक बाई हळूच म्हणाली, माझे माफ.
सगळे तिच्याकडे असे बघायला लागले
जसे पैसे तिनेच नेले.

मी पेढा रुमालात बांधला.
साक्षीदार क्रमांक एकोणतीस.
ऐरोलीत, सेक्टर तीनपासून नऊपर्यंत, माझी वसुली होती.
एकशे चाळीस खाती मी उघडली,
लोकांच्या सोफ्यावर बसून, त्यांचा चहा पिऊन.
सांगायचे, माझेही आहेत ना यात.
होते. पंधरा हजार.

सिस्टर परत आल्या, धापा टाकत, चपला अजून हातातच.
'तुझं कमिशन किती होतं गं?'
दोन टक्के.
थर्मामीटर बघून मान हलवावी तशी त्यांनी हलवली
आणि खाली वाकून चपला घातल्या.

बसमध्ये मी हिशेब केला.
पाच तासांचे दोन टक्के, सहा मिनिटं.
गुणिले एकशे चाळीस.
चौदा तास.
एवढं मला येतं. आकडेमोड बघूनच तर घेतलं होतं मला.

संध्याकाळी सहाला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले,
दिवा न लावता, पाणी न पिता.
साडेनऊला खालच्या मजल्यावर बातम्या लागल्या,
आमची बातमी जाहिरातीइतकीच लांब.
बारानंतर ओहोटी लागली असावी,
खाडीचा वास खिडकीतून आत आला आणि बसला.
मी नावं आठवत होते, खात्यांच्या क्रमाने.
सत्त्याऐंशीवर अडले.
साडेतीनच्या सुमारास ओट्यावर डोकं टेकलं,
तिथेच डोळा लागला.

उठले तेव्हा आठ.
साडेचार तास बाकी.
रुमाल उघडा पडला होता,
पेढा मुंग्यांनी जवळजवळ नेलाच होता.