नखशिखान्त

ला पाझमध्ये कामाला जायचं म्हणजे आधी उतरायचं.
आमचं घर वर, एल आल्तोत,
जिथे गल्लीतली धूळ माझ्याआधी उठते.
केबल कारच्या डब्यात मी कॅनव्हासचे बूट काढते,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले काळे हील्स चढवते.
समोरचा म्हातारा खिडकीबाहेर बघतो, सभ्यपणे.
खाली छपरं सरकतात, वाळत घातलेले शर्ट,
आणि एका गच्चीवरचं कुत्रं, जे रोज
नेमकं माझ्याच डब्यावर भुंकतं.

न्यायालयात पहिल्या दिवशी
दोन्या ओर्तेन्सियांनी मला आरशासमोर उभं केलं.
"हुस्तिना, बाई नखशिखान्त नेटकी दिसली पाहिजे.
अंबाडा घट्ट, एकही बट सुटता कामा नये.
कॉलरला कडक इस्त्री.
कानात मोती. खोटे चालतील, लोंबते नकोत.
अत्तर इतकंच, की लावलंय असा नुसता संशय यावा.
आणि बूट.
न्यायाधीश आधी बूट बघतात, मग कागद."
माझ्या वेण्यांविषयी त्या काही बोलल्या नाहीत.
म्हणजे बोलल्याच.
संध्याकाळी मी त्या कापल्या.
आईने उचलून पिठाच्या रिकाम्या पिशवीत ठेवल्या,
पिशवीला गाठ मारली,
आणि स्वतःच्या कमरेपर्यंतच्या दोन वेण्या
हॅटखाली नीट करून
कांदे विकायला गेली.

चौकात बूटपॉलिशवाले बसतात,
तोंडावर माकडटोपी, डोळ्यांपुरती भोकं.
थंडीसाठी नाही.
शेजाऱ्याने ओळखू नये म्हणून,
वर्गातल्या मुलांनी ओळखू नये म्हणून,
काहींच्या तर घरीही ठाऊक नसतं.
माझा नेहमीचा, तिसऱ्या दिव्याखालचा.
दोन बोटं वर केली की दोन बोलिव्हियानो.
वर्षभरात तो एकदाच बोलला,
लोकरीतून घुसमटलेलं:
"डावी टाच बाहेरून झिजतेय.
फायली डाव्या कुशीत घेता ना?"
मला वाटलं,
या लोकांना बुटांवरून सगळं कळतं.

मार्चमध्ये नवी शिकाऊ मुलगी आली, एदेल्मिरा चोके.
कायद्याचं चौथं वर्ष.
अंबाडा असा, की दोन्या ओर्तेन्सियांनीही
एकदा तिच्याभोवती फिरून पाहिलं.
ब्लाउजची कॉलर पांढरीशुभ्र, मोती खोटे, लोंबते नव्हेत.
फक्त कागद पुढे करताना
बोटं मुठीत दुमडलेली.

दुपारी ती मला स्वच्छतागृहात दिसली.
नळाचं पाणी बर्फासारखं,
आणि ती जुन्या टूथब्रशने नखं घासत होती,
लाल होईपर्यंत.
नखांच्या कडेची काळी रेघ
हलत नव्हती.
ती मला म्हणाली, "शाई आहे."
मग माझ्या टाचेकडे पाहिलं,
डाव्या.
नको तितका वेळ.

तो.
वर्षभर मी मनात त्याला "तो" म्हणत होते.

मी नळ बंद केला.
पर्समध्ये गडद मरून रंगाची बाटली होती,
लग्नाबिग्नाला लावते ती.
"हात दे," म्हटलं.
खिडकीच्या कठड्यावर तिचा पंजा पसरून
एकेक नख रंगवलं.
अंगठ्यापाशी थोडं बाहेर गेलं. मला सवय नाही.
आम्ही दोघी काही बोललो नाही.
बाहेर पुढच्या सुनावणीचा पुकारा झाला,
ती ओल्या नखांवर फुंकर घालत पळाली.
दारात दोन्या ओर्तेन्सिया.
"मरून?" त्या म्हणाल्या. "हं.
गडद आहे. चालेल."
मला उगाच हसू आलं.
त्यांनी शिखेपासून सुरुवात केली होती तेव्हा,
नखांपर्यंत
पोचल्याच नव्हत्या.

आज सकाळी वाटलं, दुसऱ्या दिव्याकडे जावं.
तिथे एक पोऱ्या मोकळाच होता.
मग तिसऱ्याकडेच गेले.
पाय पेटीवर ठेवला.
माकडटोपी खाली वाकलेली, वर झाली नाही.
ब्रश दोनदा थांबला,
एकदा डाव्या टाचेपाशी.
मी कबुतरं मोजत राहिले.
फडक्याची चटचट, मग दोन बोटं वर.

उजव्या तर्जनीचा रंग
टोकाला उडालाय.
दुपारी दुसरा हात द्यावा लागेल.