उलटा पखवाज

काजूच्या कारखान्यात नऊ वर्षं झाली,
टरफलाच्या तेलानं बोटांवरच्या रेषा खाल्ल्या.
फोनला माझा अंगठा ओळखू येत नाही.
आकडे दाबून आत जावं लागतं,
मग मास्तर दिसतात.

मास्तर कुठले, ठाऊक नाही.
मागच्या भिंतीवर कॅलेंडर, फेब्रुवारीवर थांबलेलं.
अकराव्या धड्यात आतून कुकरची शिट्टी होते,
ते बोलता बोलता थांबतात, नाक वर करतात
आणि पुन्हा म्हणतात, "तर हाताचं वजन असं."
त्या दिवशी त्यांच्याकडे डाळ होती,
असं मी धरून चालते.

घरात रेंज नाही.
भांडी झाली की खाडीवरच्या साकवावर जायचं,
धडा उतरवून घ्यायचा.
खाली कुणी कुर्ल्यांना बत्ती दाखवत असतो,
तो वर बघत नाही, मी खाली बघत नाही.
घरी येऊन तो धडा आधी मांडीवर,
मग पत्र्याच्या डब्यावर,
मग विनूच्या पखवाजावर,
जो विनू जहाजावर गेल्यापासून
तांदळाच्या पिंपामागे गोधडीत निजला होता.
किट तक गदि गन.
भिंतीपलीकडून रोझलीन विचारायची,
"काय गे, रातचा कसला पीठ मळतंस?"

पीठ होतंच. कणीक किती भिजवायची,
ते मास्तर सांगत नाहीत. म्हणतात, "अंदाजानं."
त्यांचा अंदाज त्यांच्या कोरड्या हवेचा.
इथं खारा वारा येऊन कातडं ढिलं करून जातो,
कणीक सरकते, धा म्हणावं तर
ओल्या पोत्यावर नारळ पडल्यासारखं वाजतं.
दोन पावसाळे त्यातच गेले.

सातेरीच्या देवळात सप्ता.
पहाटे तीन ते चार आमच्या वाडीतल्या बायांची पाळी,
वाजवायला मात्र दरवर्षी लवू.
यंदा लवू ट्रॉलरवर,
आणि त्याच्या जागी बसवलेला पोरगा
पेंगत पेंगत तालातून घसरला.
सप्त्यात ताल तुटता नये.
मी उठले. पखवाज मांडीवर घेतला,
आणि झोपेत आडवं झालेलं मूल फिरवून निजवावं
तसा फिरवला.
दोघीतिघी हसल्या. टाळ तेवढे चालू राहिले.

खांबाला टेकून दाजी मेस्त्री.
चाळीस सप्ते वाजवले त्यांनी,
आता चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरतात.
पाळी बदलली तशी म्हणाले,
"खंय शिकलंस?"
"फोनार."
"हात उलटे आसत तुझे."
मी गप्प.
"तो समोर बसता. तेचो उजवो तुका डावीकडे दिसता.
तू आरशातल्यासारखा वाजवतंस."
बराच वेळ सुपारी कातरत राहिले.
"वजन मातर बराबर आसा."

तेवीस महिने.
मास्तरांनी तरी कसं सांगावं,
त्यांना कुठं मी दिसते?

घरी येऊन हात बदलून पाहिले.
डावा उजव्याच्या जागी गेला
तो परक्या स्वयंपाकघरात शिरलेल्या बाईसारखा,
प्रत्येक बोलाला थबकून विचारतोय,
मीठ कुठं, डाव कुठं.

आज रविवार. कारखाना बंद.
कपाटाच्या आरशासमोर बसले.
फोन माझ्या शेजारी, पिठाच्या डब्याला टेकवून,
त्याचंही तोंड आरशाकडे.
आता मास्तरांचा उजवा उजवीकडे.
फेब्रुवारीचे आकडे उलटे झाले,
शिट्टी मात्र होती तशीच.
आणि त्यांच्या बाजूला, त्याच काचेत,
कुणी एक बाई मांडी घालून बसलेली,
बोटं काळी, कपाळावर कणकेचा ठिपका.
इतके दिवस शिकवणी चालली,
हिला मी पाहिलंच नव्हतं.

मास्तर म्हणाले, "पहिल्यापासून."
डावा अजून रुसलेला होता.
घेतलं पहिल्यापासून.