कांडी

लाइटबिलाच्या पाठीवर मी लिहिते :
नळदुर्ग. पंपाशेजारी एक, कधी चालू कधी बंद.
उमरगा. हॉटेलच्या मागं, मालकाला आधी फोन करावा लागतो.
जहिराबाद. दोन.
मग हैदराबाद, आत्याचं घर, तिसरा मजला,
आणि तिसऱ्या मजल्यावरून वायर खाली पोचत नाही.

गाडी म्हणते, दोनशे चाळीस.
सोलापूरचा मे म्हणतो, आधी एसी लाव, मग बोलू.

नायना भिंतीला टेकून बसलेत.
छत्तीस वर्षं माग चालवला, उजव्या कानानं ऐकू येत नाही,
म्हणून मी टक्के ओरडून सांगते
आणि शेजारचे चिप्पा खिडकी लावून घेतात.
"टक्के काय की," नायना म्हणतात,
"कांडीत सूत किती ऱ्हातंय ते सांग."
वीस, मी म्हणते. विसाच्या खाली जायचं नाही.
त्यांची मान हलते.
"बराबर. कांडी संपल्यावर बदलतो तो शिकाऊ.
चादरीत मोकळी रेघ पडते,
मग बस उसवत रात्रभर."

आई मधे बोलत नाही.
कडक भाकऱ्या मोजते, अठरा,
शेंगाचटणीच्या डब्याला दोनदा रबर लावते.
"बंद पडली तर पडू दे, उपाशी कोण बसणार नाही."
म्हणजे तिचाही एक नकाशा आहे,
त्याला रेंज लागत नाही.

रात्री गाडी घरकुलाच्या गल्लीत,
खिडकीतून सोडलेल्या वायरीला बांधलेली, म्हशीसारखी.
पाचला निघायचं ठरलंय.

चारला जाग येते तर नायनांचं अंथरूण रिकामं.
बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेत,
कुणाचं कुत्रं वायर चावू नये म्हणून
मांडीवर आईची लाटण्याची काठी.
मला वाटलं झोपलेत. झोपले नव्हते.
पत्र्याच्या गेटवर खडूनं लिहिलेलं,
कारखान्यात माग थांबला की लिहायचे तसं, तिरक्या आकड्यांत :
बंद १.१०
चालू ३.२०

"पाच नको," ते म्हणतात, "सातला निघू.
गेलेलं सूत भरू दे तिला."

मी बिलावरचं पाच खोडते.
ऊन वाढणार, एसी लागणार, उमरग्याचा हिशेब पुन्हा मांडायचा.
नायना खुर्ची थोडी सरकवतात, मला जागा करून देतात.
आम्ही दोघं त्या छोट्या हिरव्या दिव्याकडे बघत बसतो,
धोटा ये-जा करताना बघावा तसं,
काही न बोलता, त्यांच्या डाव्या कानाच्या बाजूला मी.