खोडरबर

जूनमध्ये नववी ब-ची सगळी खोडरबरं मी जमा केली.
सत्तेचाळीस.
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकली, झाकण लावलं,
म्हटलं, चुकलेली रेघ राहू दे, तिच्या शेजारी दुसरी काढा.
वर्गात सुतक पसरलं.
रेहाना बागवान म्हणाली, "सर, मग धीर कसा व्हायचा?"

दापोडीची शाळा. खिडकीतून मुळा दिसते,
म्हणजे जलपर्णी दिसते, खाली नदी आहे असं धरून चालायचं.
पलीकडे मेट्रोचे खांब, पुलावर बोपोडीकडे तुंबलेले हॉर्न.
पण निसर्गचित्र म्हटलं की
सत्तेचाळीस कागदांवर दोन डोंगर,
मधून सूर्य, कडेला नारळ.
"नारळ कुठे पाहिलास रे?"
"ताईच्या वहीत."

तास आठवड्याला एकच, शनिवारी, शेवटून दुसरा.
त्यातले निम्मे भूमितीच्या बाई उसने नेतात,
परत आणून देत नाहीत.
उरलेल्यात मी शिकवतो. काय, ते मलाही धड सांगता येत नाही.
एकदा म्हटलं, कागदाकडे न बघता आपला डावा हात काढा:
कुणाला सात बोटं आली, कुणाला अंगठाच नाही,
हसून हसून बाकं हलली.
एकदा म्हटलं, घरातलं काहीही जमिनीवर झोपून बघा:
बहुतेकांनी पंखा आणला,
एकीने बापाच्या बुटाचा तळ, झिजलेल्या टाचेसकट.

दिवाळीनंतर गेटजवळच्या इस्त्रीवाल्या लोंढेमामांकडे गेलो.
त्यांनी पिशवीभर कोळसा दिला, पैसे नको म्हणाले,
"फक्त सांगा, पोरं याचं करणार काय?"
म्हटलं, काळोख.

पानभर काळं करा. कोपरेसुद्धा सोडू नका.
बाह्या वर गेल्या, नाकं माखली,
ज्यांना मिशा फुटू घातल्या होत्या
त्यांना अर्ध्या तासात पुरत्या आल्या.
मग डबा उघडला.
ज्याचं त्याला परत दिलं.
आता खोडा. उजेड आहे तेवढंच खोडा.

क्षणभर कुणी हललं नाही.
मग करकर सुरू झाली, आणि काळ्यातून एकेक वर आलं:
बल्ब, शेगडी, रात्रीची शेवटची मेट्रो,
मोबाइलच्या उजेडात बहिणीची हनुवटी.
रेहानाने नदी काढली. जलपर्णीत कुठेतरी. केसाएवढी.

सुमेध ओव्हाळ मागच्या बाकावर.
त्याच्या पानावर खाली एकच आडवी रेघ,
बोटभर, एका टोकाला पुसट.
मी म्हणणार होतो, वेळ आहे अजून,
म्हणणार होतो रचना, तोल, मोकळी जागा.
हात पुढे गेलाही होता.
तो म्हणाला, "दाराखालची फट आहे, सर.
आई पलीकडे पिको-फॉल करते तोवर असते.
मग नसते."

याच हाताने बारा वर्षांपूर्वी
एकाचं जांभळं झाड मी हिरवं केलं होतं.
कासारवाडीत त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे आता,
वाढदिवसांचे चेहरे छापतो.
भेटला की चहा पाजतो,
झाडाचं काढतोच. हसत.

हात खिशात घातला. खिसा काळा झाला.

सोमवारी मुख्याध्यापिकांची चिठ्ठी:
जिन्याच्या भिंतीवर पंजे उमटले आहेत, धुवून घ्यावेत.
पोरांनीच धुतले, एकमेकांना भिजवत.
एक राहिला, छताजवळ,
तिथवर कुणाचा हात पोचला कळत नाही.

तक्त्यात पन्नासपैकी आकडे भरायचे होते.
सगळे भरले, सुमेधचाही,
किती दिले ते सांगत नाही.
मग खोडरबरं पुन्हा गोळा केली,
डब्यात टाकताना मोजली.
सेहेचाळीस.
परत मोजली नाहीत.