दुसऱ्या बाजूची फुली

डंडीत डिसेंबरात साडेतीनलाच दिवेलागण.
जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप समोरासमोर,
सोयरिकीला बसलेल्या दोन घरांसारखे.
चहा झाला, बोलणं नाही.

काळा कंपनीचा, शुक्रवारी परत करायचा.
खोका आलाय, चिकटपट्टीसुद्धा त्यांनीच दिलीय.
माणूस काढतानाही इतके नीटनेटके.
करडा शाल्मलीचा, जुना,
झाकणावर अर्धवट खरवडलेला एक पफिन.
"सवय होईल बाबा," ती फोनवर म्हणाली,
"फुली डावीकडे असते, एवढंच."

एवढंच?
अकरा वर्षं माझा हात उजवीकडे जातोय
खिडकी बंद करायला,
अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसा.
आता तिथे काहीच नाही,
बाण कोऱ्या जागेत भिरभिरतो.
करंगळी कंट्रोल दाबते,
काम मात्र अंगठ्याशेजारच्या कळीचं.
कॉपी केलेलं कुठे जातं कोण जाणे,
आणि मी पडद्याला सॉरी म्हणतो,
इथे सगळे म्हणतात तसं.

काळा तसा तोंडाळ होता.
ऐन मीटिंगमध्ये अपडेटला बसायचा,
पंखा असा घरघरायचा
की वृंदा विचारायची, कुकर लावलास का?
करडा चालू आहे का ते कान लावून पाहावं लागतं.
शांततेचे पैसे जास्त पडतात म्हणे.

फायली हलतात एकेक.
पगाराच्या स्लिपा, टे पुलाचे धूसर फोटो,
"नवीन फोल्डर सात",
त्यात फक्त मासवडीची कृती, तीही अर्धी.

शेवटी सीव्ही.
नाव मराठीतही टाइप करून पाहिलं, उगाच.
काळ्यावर र नेहमी उडी मारून
ह च्या डोक्यावर बसायचा:
बोर्हाडे.
जणू दुसराच कुणी माझ्या खुर्चीत.
करड्यावर तोच र वाकला,
विळ्यासारखा, आपल्या जागी टेकला:
बोऱ्हाडे.

एवढ्यावरून लॅपटॉप निवडू नये, कळतं मला.
बॅटरी बघावी, किंमत बघावी,
प्रिंटर कोणाचं ऐकतो ते बघावं.
प्रिंटर कोणाचंच ऐकत नाही.

शुक्रवारी कुरिअरवाला आला, भिजलेला,
हातातलं यंत्र पुढे केलं, सही करा.
बोटानंच केली, मराठीत.
आणि मग बोट आपसूक
वर, उजव्या कोपऱ्याकडे.

"राहू दे," तो म्हणाला, खोका काखेत मारत,
"बंद मी करतो."