हात लावू नये

त्रोंदुर, तुझी मशीन भरली आहे.
म्हणजे डिस्क. मशीन तर हवाच,
एका लोखंडी पेटीत दाटीवाटीनं राहणाऱ्या सात जणींतली एक,
जिला वाटतं सबंध पेटी तिचीच.

क्लाक्सविकच्या लिलावघरात पहाटे सहाला
कॉड आणि हॅडकचे भाव हिच्याच तोंडून निघतात.
आत्ता रात्रीचे सव्वादोन.
उरलेली जागा चार जीबी.
बाहेर वारा असा, की मेंढ्यासुद्धा भिंतीला टेकून उभ्या.

यादी उघडली.
‘अपडेटआधी’.
तिच्या पोटात ‘अपडेटआधी २’.
तिच्या पोटात ‘खरंच अपडेटआधी’.
आणि या सगळ्यांच्या बुडाशी, तीन वर्षं अकरा महिन्यांपूर्वीचा एक,
ज्याचं नाव नुसतं
‘हात लावू नये. त्रोंदुर.’

हॉग्नी नवा आहे. त्याला वाटतं स्नॅपशॉट म्हणजे फोटो,
काढायचा, खिशात ठेवायचा, वेळ आली की दाखवायचा.
म्हटलं, फोटो नाही रे, रेघ.
वहीत एके दिवशी रेघ मारायची
आणि ठरवायचं, हिच्या वरचं आता खोडायचं नाही,
पुढचं सगळं चिटोऱ्यांवर.
मग कुणी विचारलं, अमक्या बोटीचं वजन किती,
तर आधी शेवटचं चिटोरं, मग त्याआधीचं,
मग त्याच्याही आधीचं,
आणि कुठेच नाही सापडलं तर वही.
म्हणून ही हल्ली बोलण्याआधी थांबते.
लोक म्हणतात म्हातारी झाली.
म्हातारी नाही. हिला हातचे फार झालेत.

‘पण बॅकअप म्हणून तरी?’
‘वही जळाली तर चिटोरी घेऊन काय करशील?’
तो कॉफी करायला गेला.

एका बटणानं मी मागे जाऊ शकते.
मशीन डोळे उघडेल ती त्या मंगळवारी.
तिच्या लेखी या खुर्चीत अजून तूच असशील,
आणि ‘हावफ्रू’ अजून धक्क्याला लागत असेल,
तिच्या नावापुढे आजचं वजन भरायचं राहिलेलं.
मी बटणावरून बोट काढून घेतलं.

तुला बोटीवर फोन लावला. खरखर, मग तू.
‘कुठला? मी? नाव माझंच आहे?’
‘तुझंच.’
बराच वेळ नुसता समुद्र ऐकू आला.
‘आठवत नाही गं. कशाची तरी भीती असेल.’
आणि मग, जुन्या आवाजात,
‘काढ. पण मध्येच बंद करू नकोस.’

सातांतली एक उचलून शेजारच्या पेटीत नेऊन ठेवली,
कालवायला परात मोठी लागते.
बटणावर लिहिलंय ‘पुसा’
आणि पुसलं काहीच जात नाही.
एकेक चिटोरं वहीत उतरतं,
हातचा बेरजेत मिळतो.
जातं ते फक्त मागे फिरणं.

बारा टक्के.
बारा टक्के.
एकतीस.
हॉग्नी टेबलावर डोकं टेकून झोपला.
नव्व्याण्णववर पस्तीस मिनिटं, त्रोंदुर,
त्या पस्तीस मिनिटांत मी तुला काय काय म्हटलं
ते इथे लिहीत नाही.
मग ती क्षणभर थिजली, सगळे दिवे तसेच, श्वास नाही,
आणि पुन्हा बोलू लागली, जणू मध्ये काही झालंच नाही.
तिच्या दृष्टीनं झालंही नव्हतं.

पाच अठ्ठेचाळीस. खाली पहिली व्हॅन मागे घेताना पीं पीं करतेय.
यादी कोरी.
मोठ्या पडद्यावर हॅडक, तेवीस क्रोनर, न अडखळता.

पुढच्या आठवड्यात अपडेट आहे.
हॉग्नी डोळे चोळत विचारतो, त्याआधी एक घेऊन ठेवायचा ना,
नाव काय देऊ?
तुझं दे, म्हटलं. काढायची तारीख घाल.
आणि कशाची भीती वाटते, तेही लिही.

तो अजून विचार करतोय.